चालकाच्या नावाची रिकामी जागा

वेगात गाडी चालवणाऱ्या माणसाला "का?" असं कधी विचारू नये. विचारलं की तो सांगतो. मी एकतीस वर्षं विचारत होतो, कारण माझी नोकरीच ती होती. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी कोणी "अहो, त्याचं काय झालं..." असं म्हणून बोलायला लागलं की माझा हात आपोआप टेबलाच्या खणाकडे जातो, फॉर्म काढायला. बायको म्हणते, घरात तरी माणसांचं ऐकून घेत जा. आता ऐकण्यासारखं काही उरलं असेल असं मला वाटत नाही.

बडोद्याला बाजव्याच्या बाजूला जे कारखाने आहेत, त्यांतल्या एका रसायनांच्या कारखान्यात मी सेफ्टी खात्यात होतो. गेटवर उभे असतात ते सिक्युरिटीवाले, ते वेगळे. आम्ही सेफ्टीवाले म्हणजे हेल्मेट घाला, हातमोजे घाला, शिडीवर दोघांनी चढू नका असं दिवसभर ओरडणारे. लोकांना आमचा जेवढा कंटाळा येई, तेवढाच आम्हाला त्यांचा येई. माझे वडील रेल्वेच्या नोकरीसाठी जळगावकडून बडोद्याला आले, मी इथेच शिकलो आणि इथेच चिकटलो. खात्यात गेल्यावर माझ्या वाट्याला वाहनं आली. आत येणारी प्रत्येक स्कूटर, मोटार, टँकर आणि ती चालवणारा प्रत्येक शहाणा माझ्या डोक्यावर.

कारखान्यात वेगाची मर्यादा वीस, रस्त्यापलीकडच्या आमच्या कॉलनीत तीस. बाहेरचा माणूस ऐकून हसतो. वीसने तर बैलगाडी जाते, म्हणतो. त्याला मी एवढंच सांगायचो की, बाबा, शहरात तू खांबाला धडकलास तर दिवा जातो. आमच्या खांबांवरून पाईप जातात आणि त्या पाईपांत काय वाहतं ते तुला माहीत नाही. टँकर भरलेला असला की ब्रेक दाबल्यावरही तो बराच पुढे जाऊन थांबतो. कॉलनीत पाईप नाहीत, पण शाळेतली पोरं आहेत, शिफ्ट संपवून अर्धवट झोपेत सायकल हाकणारे कामगार आहेत आणि रस्त्याच्या मधोमध पिसारा फुलवून उभे राहणारे मोर आहेत. मोराला हॉर्न ऐकू येत नाही, असं माझं निरीक्षण आहे.

पद्धत अशी होती. सिक्युरिटीचा एक गार्ड झाडाआड वेग मोजायची गन घेऊन बसे. गाडी पुढे गेली की मागून तिचा नंबर, वेग, जागा आणि वेळ एका चिठ्ठीवर लिही. गाडी थांबवायची नाही, कारण टँकरच्या रस्त्यावर गाड्या थांबवून वाद घालणं हे वेगापेक्षा वाईट. म्हणून चिठ्ठीवर चालकाच्या नावाची जागा रिकामी असे. ती भरायची माझ्या टेबलावर. दुसऱ्या दिवशी गाडीवाला माझ्यापुढे येऊन बसे, मी नाव भरी आणि मग तो खुलासा लिही. दंड नव्हता. फक्त खुलासा, स्वतःच्या अक्षरात, मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी कुठल्याही भाषेत. आणि लिहून झाल्यावर तो मला मोठ्याने वाचून दाखवायचा. हा नियम माझ्या पहिल्या साहेबांनी घातला होता, एक पारशी गृहस्थ होते. ते म्हणायचे, लिहिताना माणसाला स्वतःचं खोटं खरं वाटतं, वाचायला लावलं की त्याचं त्यालाच कानाला लागतं. वर्षात एका माणसाच्या नावावर तीन खुलासे झाले की त्याचा गाडी चालवायचा हिरवा पास मी काढून घ्यायचो. मग वर्षभर कारखान्यात नाही की कॉलनीत नाही, गाडी गेटबाहेर पानवाल्याच्या शेजारी उभी करायची आणि चालत यायचं. सगळी दुनिया बघते.

तर खुलासे. प्रयोगशाळेतले एक मेहता होते, त्यांचं ठरलेलं वाक्य, "मोडुं थई गयुं", उशीर झाला. एकदा मी विचारलं, मेहताभाई, तुमची सुट्टी होती आणि तुम्ही घरून निघून घरीच परत आलात, उशीर कशाला झाला? म्हणाले, निघायलाच उशीर झाला. उत्तरायणाच्या दिवसांत एका स्कूटरवाल्याने लिहिलं की पतंगाचा मांजा गळ्याला अडकू नये म्हणून मी वेगात जात होतो, हळू गेलं की मांजाला वेळ मिळतो. हे त्याने मला गंभीरपणे वाचून दाखवलं. मी त्याला हँडलला लावायची तार दाखवली, वेगाने मांजा कसा जास्त खोल कापतो ते समजावलं. तो म्हणाला, पण साहेब, मला लागला तर नाही ने? यावर काय बोलणार?

सगळ्यात महागात पडलं ते वासाचं कारण. एका तरुण इंजिनिअरने लिहिलं, गॅसचा वास आल्यासारखा वाटला म्हणून जीव वाचवायला वेगात निघालो. त्याला वाटलं, सेफ्टीवाल्याला सेफ्टीचंच कारण दिलं की काम झालं. मी दुसरा कोरा कागद पुढे केला. वास आला तर धोक्याची घंटा का दाबली नाही, शिफ्टला फोन का केला नाही, बाकीच्या माणसांना मागे सोडून एकटेच का निघालात, याचा खुलासा लिहा. मग तिसरा कागद, वास कुठल्या जागी आला त्याचा नकाशा. त्या जागेवर दोन तास तपासणी झाली आणि तो पूर्ण वेळ त्याला जाड मास्क लावून तिथे उभं केलं. त्यानंतर माझ्या नोकरीत कोणालाही वास आला नाही.

एकदाच कोणी खरं लिहिलं. भांडार विभागात नव्याने आलेल्या एक बाई होत्या. त्यांनी लिहिलं, "मला वेगात गाडी चालवायला आवडते." शांतपणे वाचून दाखवलं. मी त्यांना चहा मागवला. त्यांचं नाव माझ्या टेबलावर पुन्हा कधी आलं नाही.

आणि कुत्री. आमच्या कॉलनीत मोठे बंगले मिळालेले साहेब लोक कुत्री पाळत आणि ती गाडीतून फिरवत, का ते मला कधी समजलं नाही, कारण चालायला मैलभर सावलीचे रस्ते होते. कुत्रं गाडीत असलं की खुलाशाला नवा जोर येई. कुत्र्याला डॉक्टरकडे नेत होतो, हे तर महिन्यातून चारदा. मी त्या डॉक्टरला ओळखत होतो, त्याचा दवाखाना सोमवारी बंद असे आणि चिठ्ठी सोमवारची असे. एकाने लिहिलं, गाडीत त्याला उलटी होते, म्हणून होण्याआधी घरी पोचायचं होतं. अरे, तू असा पळवतोस म्हणून त्याला होते. एका बाईंनी लिहिलं, आमच्या ब्राऊनीला वारा आवडतो. वारा आवडतो म्हणून ती अर्धी खिडकीबाहेर लोंबकळत असे आणि बाई एका हाताने तिचा पट्टा धरून दुसऱ्या हाताने वळणं घेत.

शेवटी मी कॉलनीच्या फलकावर एक सूचना लावली. कुत्रं नेहमी मागच्या सीटवर. अंगाला पट्टा, तो सीटबेल्टच्या खाचेत अडकवलेला. गळ्याच्या पट्ट्याला बांधू नका, धक्का बसला की फास लागतो. मांडीवर अजिबात नाही, कारण समोरची हवेची पिशवी फुटली तर तुमच्या आणि तिच्या मध्ये ते आहे, आणि ते सटकून पायात गेलं तर ब्रेक तुमचा राहिला नाही. डोकं खिडकीबाहेर नको, डोळ्यात खडा जातो. बडोद्याच्या मे महिन्यात बंद गाडीत पाच मिनिटंही सोडू नका. लोक येऊन वाचत आणि मला म्हणत, सोनवणेभाई, ए तो माणस जेवुं बेसे छे, तो तर माणसासारखा बसतो. मी म्हणायचो, मग माणसासारखा पट्टा लावा. दोन दिवसांनी कोणीतरी सूचनेवरच्या कुत्र्याच्या चित्राला चष्मा काढला, अगदी माझ्यासारखा.

ती सूचना साऱ्या कॉलनीत एकाच माणसाने पाळली, शुभांगी कर्णिक यांनी. आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो. त्यांनी जुन्या शबनम पिशवीचा बंद कापून, दुहेरी शिवून, त्यांच्या पांढऱ्या पामेरियनसाठी अंगाचा पट्टा तयार केला आणि तो बरोबर आहे का हे दाखवायला माझ्या घरी आल्या. मी कॉलनीतल्या बायकांना गाडी शिकवायचा वर्ग घेत असे, त्यात त्या पन्नाशीला टेकल्यावर शिकल्या. माझ्या हाताखाली शिकलेल्यांत इतका सावध हात दुसरा नव्हता. त्यांची आई शहरात वासण्याला एकटी राहायची, नव्वदीच्या घरातली. तिला अंघोळ घालायला, औषधं द्यायला, जेवू घालायला वहिनी रोज सकाळी गाडी घेऊन जायच्या. बंड्या, म्हणजे ते कुत्रं, मागच्या सीटवर शबनमच्या पट्ट्यात.

वहिनींचे यजमान, कर्णिकसाहेब, बडोद्यातल्या जुन्या घराण्यातले. आजोबा संस्थानात हुद्द्यावर होते, हे त्यांच्याशी ओळख झाल्यावर दहा मिनिटांत कळायचं. माणूस दिलदार, हुशार, उत्पादन विभागाचे मुख्य. आमच्या मराठी मंडळाच्या नाटकात ते नायक आणि मी पडद्याआड संवाद सांगणारा. गाडी मात्र अशी चालवायचे की बघवत नसे. आणि बंड्या मांडीवर. घरचीच सूचना, घरचाच पट्टा, पण साहेबांना तो लावायचा कंटाळा. "अहो सोनवणे, तो माझ्याजवळच शांत बसतो ने, मागे ठेवला की कू कू करतो."

त्या वर्षी त्यांचे दोन खुलासे झाले होते. तिसरी चिठ्ठी आली तेव्हा उपमहाव्यवस्थापकाच्या जागेसाठी त्यांची मुलाखत पंधरा दिवसांवर होती. त्या जागेवर आजवर आमच्यातला, म्हणजे मराठी, कोणी बसला नव्हता. मंडळात पेढे कुठून आणायचे याची चर्चा सुरू होती. आणि मुलाखतीच्या फाइलला आमच्या खात्याचा एक कागद जोडला जायचा, पास जप्त झालाय का ते सांगणारा.

साहेब टेबलापुढे येऊन बसले. काळ्या पँटवर मांडीपाशी पांढरे केस चिकटलेले होते.

"किती निघाला?"

"सत्तेचाळीस."

"फार नाही ने?"

"तीसच्या रस्त्यावर सत्तेचाळीस, साहेब."

"बंड्याला खार दिसली, एकदम उठला यार. त्याला धरायला गेलो, पाय दाबला गेला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हा तिसरा, बराबर?"

मी हो म्हणालो. त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नाही, हे मला आजही प्रामाणिकपणे सांगायला हवं. ती तिसरी चिठ्ठी माझ्या हातात होती आणि चालकाच्या नावाची जागा रिकामी होती. मी म्हणालो, "गाडी तुम्हीच चालवत होतात, की वहिनी होत्या?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "शुभांगीपण चालवते ने कधी कधी."

"मग त्यांना उद्या पाठवा."

एकतीस वर्षं मी लोकांची फालतू कारणं ऐकून वैतागलो. आणि या सगळ्यांपेक्षा चलाख कारण मी स्वतः बनवून एका गिऱ्हाइकाच्या हातात ठेवलं. मनाला मी समजावलं की साहेब आपले आहेत, वहिनींच्या नावावर एकही खुलासा नाही, एकाने काही बिघडत नाही, कागदाचंच तर काम आहे.

दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या. खुर्चीच्या कडेवर बसल्या. मी कागद आणि पेन पुढे केलं. "भाऊजी, काय लिहू?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, लिहा, वेगाकडे लक्ष नव्हतं. त्यांनी गोल अक्षरात लिहिलं. मग नियमाप्रमाणे वाचून दाखवलं, "मी गाडी वेगात चालवत होते. माझे वेगाकडे लक्ष नव्हते. यापुढे काळजी घेईन." वाचताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं असेल. मी सही करत होतो.

साहेबांना ती जागा मिळाली. मंडळात पेढे वाटले गेले, मी दोन खाल्ले.

पाच महिन्यांनी, थंडीतल्या एका रविवारी सकाळी, कर्णिक जोडपं देवळाकडे निघालं होतं. साहेब चालवत होते, वहिनी शेजारी, बंड्या साहेबांच्या मांडीवर. सभागृहाजवळ गतिरोधक आहे. गाडी त्यावरून उडाली, बंड्या सटकून खाली पायात गेला आणि साहेबांचा पाय ब्रेकवर पोचेना. पुढे सायकलवरून रमणभाई चालले होते, कॉलनीच्या बागेचे माळी, मागे कात्री आणि पाण्याची नळी बांधलेली. गाडी त्यांना मागून लागली आणि कुंपणात जाऊन थांबली. रमणभाईंचा पाय दोन ठिकाणी मोडला.

गार्ड धावत आला तेव्हा साहेब रस्त्यावर रमणभाईंजवळ होते. वहिनी पलीकडून फिरून चालकाच्या दाराशी आल्या होत्या आणि वाकून बंड्याला पायातून बाहेर ओढत होत्या. गार्डने विचारलं, गाडी कोण चालवत होतं? साहेब म्हणाले, "मिसेस."

चौकशी समिती बसली. अध्यक्ष भट्टसाहेब, दोन अधिकारी आणि कागद सांभाळायला मी. माणूस जखमी झालेला असल्यामुळे समितीचा अहवाल पोलीस चौकीत जाणार होता आणि त्यात जे नाव असेल त्याच्यावर गुन्हा लागणार होता. रमणभाईंचा जबाब मी हॉस्पिटलात जाऊन घेतला होता. ते म्हणाले, "साहेब, पाछळथी आवी. मने कंई देखायुं नथी." मागून आली, मला काही दिसलं नाही. वहिनी म्हणाल्या, मी चालवत नव्हते. साहेब म्हणाले, घाबरलीय ती, काय बोलतेय तिला कळत नाही. मग भट्टसाहेबांनी फाइल उघडली आणि म्हणाले, मॅडम, तुमचा तर आधीचा पण खुलासा आहे, वेगाकडे लक्ष नव्हतं म्हणून, तुमच्याच अक्षरात. कर्णिकसाहेबांच्या नावावर दोन आहेत, पण दोन्ही त्याच्या आधीचे, नंतर एकही नाही.

वहिनी माझ्याकडे बघू लागल्या. साहेब टेबलाच्या काचेकडे बघत होते. मी फाइलचे कागद सरळ करत होतो, ते आधीच सरळ होते.

वहिनींनी एकच विचारलं, "पास गेला, लायसन्स गेलं, तर मी आईकडे कशी जाऊ?"

"बस छे ने, मॅडम," एक अधिकारी म्हणाले. कॉलनीच्या गेटपासून वासण्याला दोन बस बदलून जावं लागतं, आणि त्या नव्वदीच्या बाईला सकाळी सातला गोळी लागते. हे मी जाणत होतो, तरी मी त्या बैठकीत तोंड उघडलं नाही. उद्या सकाळी सह्या करू, असं ठरून बैठक उठली.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून म्हणाले, "सोनवणे, जुन्या चिठ्ठीवर नाव तुमच्याच अक्षरात आहे ने? मग राहू द्या आता आहे तसं." धमकी नव्हती ती, आमच्या दोघांच्या सोयीची आठवण होती. माझा भयंकर संताप झाला. साहेबांवर झाला असं मला तेव्हा वाटलं.

सकाळी समितीपुढे मी एक कोरा फॉर्म घेतला. लोकांना लिहायला लावायचो तसा स्वतःच बसून लिहिला आणि उभा राहून मोठ्याने वाचला. अमुक चिठ्ठीवरचे चालकाचे नाव मी खोटे भरले. गाडी कर्णिक चालवत होते हे मला माहीत होते, कुत्रे त्यांच्या मांडीवर होते हेही माहीत होते. श्रीमती कर्णिक यांच्याकडून खोटा खुलासा मी लिहवून घेतला. कारण, कर्णिक आपले होते.

भट्टसाहेब अस्सल बडोद्याचे, मराठी त्यांना पूर्ण कळतं. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "आपणा एटले कोण, सोनवणेभाई? रमणभाई आपणो नहीं?"

आपला म्हणजे कोण, रमणभाई आपला नाही का? मी कागद टेबलावर ठेवला. मग साहेबांना पुन्हा बोलावलं गेलं आणि त्यांनी सगळं कबूल केलं. बंड्या सटकला, अचानक झालं, वगैरे. खुलासा चांगला होता, मुद्देसूद.

पुढचं ऐकून तुम्हीही वैतागाल. साहेबांवर गुन्हा लागला, पासही गेला, आणि त्यांना काडीचा फरक पडला नाही, कारण उपमहाव्यवस्थापकाला कंपनीची गाडी आणि ड्रायव्हर मिळतो. ते मागच्या सीटवर बसून वर्तमानपत्र वाचत जायला लागले. माझं टेबल काढून घेतलं आणि शेवटचं वर्ष मी आग विझवायची नळकांडी मोजण्यात घालवलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. रमणभाई लंगडत का होईना चालायला लागले, त्यांना रोपवाटिकेत बसून करायचं काम दिलं. मंडळाच्या नाटकाला मी त्या वर्षी गेलो नाही आणि पुढे कोणी बोलावलंही नाही. त्या वर्षीही कोणीतरी सोमवारी कुत्र्याला डॉक्टरकडे नेलंच असणार. वहिनींचा पास राहिला, लायसन्सही राहिलं. त्यांच्या नावावरचा तो खुलासा मी स्वतः लाल शाईने रद्द केला.

निवृत्तीनंतर मी वासण्यालाच घर घेतलं. गेल्या महिन्यात भाजी घेऊन परत येत होतो, तर मागून एक गाडी इतकी हळू आली की मी वळून बघितलंच. वहिनी होत्या. आईकडून निघालेल्या. मागच्या सीटवर बंड्या, आता म्हातारा, पट्ट्यात बांधलेला. त्यांनी गाडी बाजूला घेतली, इंडिकेटर लावून, आरसा बघून, मी शिकवलं होतं तसंच. काच खाली केली.

"आई बऱ्या आहेत?" मी विचारलं.

"आहे. ओळखत नाही आता, पण माझ्या हातूनच जेवते."

मला राहवलं नाही. इतकी वर्षं आत अडकलेलं होतं. मी म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी समितीपुढे मी सगळं खरं सांगितलं." मला काय हवं होतं ते मला ठाऊक आहे. त्यांनी बरं केलंत म्हणावं, एवढंच.

"बरं केलंत, भाऊजी," त्या म्हणाल्या. "तुम्ही बोलला नसतात तर माझं कठीण होतं." बंड्या भुंकला, त्याला त्यांनी हाताने शांत केलं. "पण पहिल्यांदा मी तुमच्या टेबलापाशी बसले, तेव्हा मी तुम्हाला विचारलं होतं, काय लिहू. तुम्ही सांगितलंत, मी लिहिलं. गाडी मी चालवत होते का, असं मला तुम्ही विचारलंच नाहीत. मी वाट बघत होते. विचारलं असतंत तर मी नाही म्हणणार होते."

हे त्यांनी रागाने म्हटलं नाही. मला मात्र तिथल्या तिथे भाजीची पिशवी खाली ठेवावीशी वाटली. आणि मग, कसं ते मला कळलं नाही, माझं तोंड उघडलं आणि मी म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी माझ्या टेबलावर फार गर्दी होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हो का," म्हणाल्या, मान हलवली, काच वर केली, आरसा बघितला आणि तीसच्या वेगाने निघून गेल्या.

त्या दिवशी टेबलापाशी आम्ही दोघंच होतो.